सहाही गार

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, अविवाहित, औषधी व विषारी द्रव्यांच्या तपासणी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली निरीक्षक, राहणार धाकट्या बहिणीच्या शेजारच्या खोल्यांत, हे माझे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाला, धाकाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने करून ठेवते. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

शुद्धीबद्दल थोडे सांगते, कारण पुढे कोणी शंका काढायला नको. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार विचारला, तो मी सांगितला. शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले, ते मी दोनपर्यंत गेले, कंटाळले तेच. आता हे खरे की दुपारी जेवणानंतर खुर्चीत डोळा लागतो आणि जाग कुठे संपली, झोप कुठे सुरू झाली ते हल्ली कळेनासे झाले आहे. त्या वेळी मी प्रयोगशाळेच्या लांब व्हरांड्यात असते. दोन्ही बाजूंना कपाटे, कपाटांत बाटल्या, बाटल्यांवर नुसते आकडे. खिडक्यांतून ऊन इतके संथ येत असते की त्यातून चालताना पाय ओले होतील असे वाटते. कोणी घाई करत नाही. पण खुर्चीतून उठले की मी पुन्हा माझ्या वयाची होते आणि गुडघे आपली हजेरी लावतात. हा मजकूर मी सकाळी, चहा झाल्यावर, सरळ पाठीच्या खुर्चीत बसून लिहिला आहे.

कलम पहिले. माझ्या मालकीच्या दोन खोल्या, मागचे अंगण आणि त्यातल्या वस्तू धाकट्या बहिणीला. मधल्या भिंतीला आम्ही पाडलेली खिडकी तिने बुजवू नये. गेली वीस वर्षे तिच्यातून वाटीभर साखर, वर्तमानपत्र आणि टोमणे यांची देवाणघेवाण होत आली आहे. हे कलम मी तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "अगं ताई, पण आधी तू जाणार हे ठरवलं कोणी? नेहमी सगळं तूच ठरवतेस." तिचे म्हणणे इथे नोंदवून ठेवते.

कलम दुसरे. बँकेतली ठेव भाचीला, म्हणजे धाकटीच्या एकुलत्या मुलीला. आकडा पासबुकात आहे. शाळेत शिकवून तिचा घसा बसतो. त्यातून तिने वर्षातून एकदा तरी कुठेतरी जाऊन आठ दिवस गप्प बसावे.

कलम तिसरे. अंगणातली झाडेही भाचीलाच, पण यादीसकट. कण्हेर, धोतरा, गुंज, एरंड ही चारही मी हौसेने लावली आहेत आणि चारही विषारी आहेत. प्रत्येकाला पत्र्याची चिठ्ठी टांगली आहे, ती काढू नये. लोक मला आयुष्यभर विचारत आले, "झाडपाल्याचंच आहे ना, मग काय होतंय?" त्यांना मी कण्हेरीपाशी नेऊन उभे करायची. तसेच "कारखान्यात बनवलेलं म्हणजे विषच" म्हणणारेही मी पुष्कळ पाहिले. आमच्याकडे दोन्ही प्रकार यायचे. रानातून साली, मुळ्या, बिया यायच्या, आणि वरच्या मजल्यावरच्या रसायनवाल्यांनी घडवलेल्या पांढऱ्या भुकट्या यायच्या. पिंजराघरात दोघांनाही एकच न्याय. किती मात्रेला काही होत नाही, किती मात्रेला गुण दिसतो, किती मात्रेला जीव जातो, हे आम्ही बघायचो. एकाच बाटलीत हे तिन्ही असायचे, फक्त थेंब बदलायचे. हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा मी आठवडाभर स्वयंपाकघरातल्या मिठाकडेही वेगळ्या नजरेने बघत होते.

कलम चौथे. अवजारे. स्टॉपवॉच धाकटीला, कारण ती जन्मात कुठेही वेळेवर पोहोचलेली नाही. उंदरांच्या शेपटीवर खुणेच्या रेघा ओढायचा बारीक कुंचला भाचीला. त्याने पापण्यांना काजळही लावता येईल, धुऊन घेतला आहे. पांढऱ्या कोटाची फडकी करावीत. भिंग कोणाला द्यायचे ते सुचत नाही, तेव्हा ज्याला सुई ओवता येईना त्याला द्यावे.

कलम पाचवे. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. मी चौतीस वर्षे दुसऱ्यांना उघडून पाहिले, आता मुलांनी मला पाहावे. यकृत मोठे निघाले तर आश्चर्य वाटू देऊ नये, आयुष्यभर बाटल्यांची बुचे मी उघडली आहेत. रडायचे असेल त्याने घरी रडून यावे, तिथे शिकणाऱ्यांचा खोळंबा करू नये.

कलम सहावे. माझा जाडा मराठी शब्दकोश प्रयोगशाळेच्या ग्रंथालयाला. खरे तर तो मला आमच्या विभागप्रमुखांना द्यायचा होता, पण ते आता हयात नाहीत. त्यांना सगळे शेरासाहेब म्हणत, कारण हाताखालून गेलेल्या प्रत्येक कागदावर ते शेरा मारत. माझ्या रजेच्या अर्जावर एकदा त्यांनी "आजारपण असमाधानकारक" असा मारला होता. कोशात ‘ग’ अक्षरापाशी मी लाल दोरा घातला आहे. तो का, हे पुढच्या कलमात येते, आणि हे मृत्युपत्र मी मुळात त्या कलमासाठीच करते आहे.

कलम सातवे. नमुना क्रमांक एकशे बारा.

ही साल पाचोळाभाऊंनी आणली होती. पाचोळाभाऊ आमच्या प्रयोगशाळेला रानातून नमुने गोळा करून द्यायचे. केसांत कायम एखादे वाळके पान अडकलेले असे, म्हणून हे नाव पडले, आणि त्यांनीही ते आनंदाने लावून घेतले. नमुना आला की त्याला आकडा मिळायचा आणि झाडाचे नाव कुलपातल्या वहीत जायचे, म्हणजे तपासणाऱ्याचे मन आधीच कलू नये. एकशे बारा मात्र मला ठाऊक होता. देतानाच ते म्हणाले होते, "ताई, ही ताप उतरवते. आमच्या घरी सगळे घेतात. तुमच्या उंदरांना विचारून बघा एकदा."

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि नोकरीत अजून तात्पुरती होते. सहा उंदरांना सर्वांत मोठी मात्रा दिली आणि दर तासाला नोंद घ्यायला बसले. निरीक्षणाच्या तक्त्यातला रकाना दोन बोटे रुंद, त्यात एखाददुसराच शब्द मावे. त्यामुळे पिंजराघराची स्वतःची भाषा झाली होती. चपळ, सुस्त, थरथर, गार. गार म्हणजे हाताला गार. मेलेल्यासाठी ‘मृत’ लिहून भोवती चौकोन करायची पद्धत होती. तिसऱ्या तासाला सहाही जण कापसात एकमेकांना बिलगून पडले होते, श्वास संथ, अंग थंडगार. ताप उतरवणारी साल आपले काम करत होती. मी थर्मामीटर उचलणार तोच फोन आला, की धाकटीला दवाखान्यात नेले आहे आणि ती माझे नाव घेते आहे. मी तक्त्यात "सहाही गार" एवढे लिहिले, पेनाला टोपणही लावले नाही आणि धावत सुटले. निघण्यापूर्वी पुढचा तास दुसऱ्या कोणावर सोपवायचा, हा नियम. मी सोपवला नाही. त्या संध्याकाळी भाची झाली. आज ती चव्वेचाळीस वर्षांची आहे, आणि यात तिचा काडीचा दोष नाही हे तिने पक्के लक्षात ठेवावे.

चौथ्या तासाला शेरासाहेब खाली आले. त्यांच्या मराठीत, आणि बाहेरच्या सगळ्यांच्याच मराठीत, गार पडला म्हणजे संपला. चौकोन नाही हे त्यांनी पाहिले नाही. पिंजऱ्यात बोट घालून पाहणे तर दूरच. तक्त्यावर शेरा मारला, "सर्व मृत. नमुना विषारी. बाद." आणि पिंजरा रिकामा करायला सांगितले.

पाचव्या दिवशी मी कामावर आले तेव्हा पिंजरे धुणाऱ्या बाईंनी मला मागच्या खोलीत नेले. "ताई, तुमचे मेलेले उंदीर बघायचेत?" खोक्यात सहाजण दाणे कुरतडत होते. शेपटीवर माझ्याच हातच्या रेघा, एकपासून सहापर्यंत. बाई म्हणाल्या, "टोपलीत घालून मागल्या दारी नेले, तर एक मिशा हलवायला लागला. मग दुसरा. म्हटलं, साहेबांना सांगायला गेले तर खरंच मारतील. ठेवले इथं लपवून." ते सहा त्यानंतर दोन वर्षे जगले आणि म्हातारे होऊन मेले.

मी शेरासाहेबांकडे गेले. म्हटले, "साहेब, गार म्हणजे थंड. सगळे जिवंत आहेत."

"बाई, गार म्हणजे काय ते आता तुम्ही मला शिकवणार? अहवाल गेला वर. आणि चौथ्या तासाला तुम्ही कुठे होता, तेही लिहू का त्यात?"

मला नोकरीत कायम करण्याचा कागद त्यांच्याच टेबलावर, त्यांच्या कोपराखाली होता. मी मूग गिळून गप्प बसले. मनाची समजूत घातली, की वर्षाला दोनशे नमुने बाद होतात, त्यात हा एक. पुढच्या हंगामात मात्र राहवले नाही. गोदामात उरलेली तीच साल मी दुसरा आकडा घालून पुन्हा तपासायला लावली. नमुना क्रमांक तीनशे अठरा. निकाल असा आला: कुठल्याही मात्रेला मृत्यू नाही, शरीराचे तापमान दोन अंशांनी उतरते, चार तासांत पूर्ववत होते. झाडाच्या नावापुढे "नोंद नाही" असे मीच लिहिले होते, त्यामुळे त्या निकालाला पुढे कोणी विचारले नाही. एकशे बारा आणि तीनशे अठरा ही एकच साल आहे, हे जगात फक्त मला माहीत होते.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी एका दुपारी गोदामात पोती मोजताना पाचोळाभाऊ सहज बोलावे तसे बोलले. त्यांना सात वर्षांची मुलगी होती. एकशे बारा नंबर आमच्याकडे असतानाच तिला मोठा ताप आला. वहिनींनी त्याच सालीचा काढा चमच्याने पाजला. चौथ्या दिवशी मुलगी गेली. तापानेच गेली असे सगळे धरून चालले होते. दहा दिवसांनी आमचा अहवाल त्यांच्या हातात पडला, सर्व मृत, नमुना विषारी. तो वहिनींनीही वाचला. "तेव्हापासून ही कोणाला आपल्या हाताने औषध देत नाही, ताई. मला ताप आला तरी गोळी टेबलावर ठेवते आणि लांब जाऊन उभी राहते."

मी तोंड उघडले. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. आणि मी म्हणाले, "चहा घेणार का, पाचोळाभाऊ?"

ते हो म्हणाले. आम्ही चहा प्यायलो. आज सांगितले तर इतकी वर्षे का नाही, याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि पुढच्या वर्षी ते उत्तर आणखी एका वर्षाने अवघड झाले. असे करत पस्तीस वर्षे गेली. माझी मला लाज वाटते. हे वाक्य कायद्याच्या कागदात चालत नसेल तरी काढू नये.

दुपारच्या खुर्चीत ती मुलगी मला दिसते. मी तिला कधी पाहिलेले नाही, त्यामुळे तिचा चेहरा रोज वेगळा असतो. व्हरांड्याच्या कठड्यावरून सहा उंदीर रांगेने चाललेले असतात आणि ती त्यांच्या शेपटीवरच्या रेघा बोटाने मोजत असते. सहापर्यंत आली की माझ्याकडे वळून बघते आणि थांबते. रागावलेली नसते. नुसती वाट बघत असते, शिक्षकाने बरोबर म्हणावे म्हणून मूल थांबते तशी. मला "बरोबर" म्हणायचे असते, आणि नेमकी जाग येते.

मी डॉक्टर नाही. मुलगी कशाने गेली हे मी सांगू शकत नाही. साल औषधच आहे असेही मी म्हणत नाही, ते पुन्हा नीट तपासल्याशिवाय कोणी म्हणू नये. मी पाहिले तेवढेच लिहिते: सर्वांत मोठ्या मात्रेने सहातला एकही मेला नाही, आणि दुसऱ्या वेळीही मेला नाही. तेव्हा एकशे बारा आणि तीनशे अठरा या दोन्ही नोंदवह्या, माझी कबुली आणि सालीची उरलेली बाटली मी पाचोळाभाऊंना देते.

कलम आठवे. हे सगळे मार्गी लावण्याचे काम भाचीने करावे. तिला कंटाळा आला तर मधल्या खिडकीतून आईला हाक मारावी.

(इथपर्यंतचे वकीलबाईंनी टाइप करून आणले. यापुढचे माझ्या हातचे आहे.)

सातवे कलम वाचून वकीलबाईंनी चष्मा वर केला. म्हणाल्या, "मावशी, यांचं वय काय?"

"एक्क्याऐंशी."

"ते तुमच्या आधी गेले तर ही देणगी आपोआप रद्द होते. कागद उघडायचाच मुळी तुमच्यानंतर."

वर्षानुवर्षे मी मात्रा आणि वेळ यांचाच हिशेब केला, आणि एवढी साधी वेळ माझ्या ध्यानात आली नाही. मी मेल्यावर सांगायचे ठरवले होते, म्हणजे पुन्हा एकदा चौथ्या तासाला मी जागेवर नसणार होते. मी विचारले, "त्यांना साक्षीदार केलं तर?" त्या म्हणाल्या, "मग त्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही. साक्षीदाराला घेता येत नाही." मी म्हटले, बरे झाले. म्हणून सातव्या कलमातली देणगी मी रद्द करते. बाटली आणि दोन्ही नोंदवह्या भाचीला, तिने त्या प्रयोगशाळेच्या आजच्या प्रमुखांच्या हातात द्याव्यात आणि पोच घ्यावी. कबुली आजच द्यायची आहे.

आज दुपारी वकीलबाई, पहिल्या साक्षीदार म्हणून आमच्या शेजारच्या शिंपीणबाई आणि मी अशा तिघी पाचोळाभाऊंच्या घरी आलो आहोत. वहिनी घरात नाहीत, बहिणीकडे गेल्या आहेत. भाऊंचे केस पिकून विरळ झाले आहेत, पान अडकेल असे काही राहिलेले नाही. वकीलबाई त्यांना म्हणाल्या, "काका, साक्षीदारानं वाचायची गरज नसते. सही करताना बघायचं फक्त." मी म्हटले, "नाही. त्यांनी वाचायचं."

त्यांनी बोट ठेवून, मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शेरासाहेबांच्या शेऱ्याला हसले. सातवे कलम सुरू झाले तसा आवाज हळू होत गेला, मग नुसते ओठ हलू लागले, मग तेही थांबले. शिंपीणबाई साडीचा काठ तपासत बसल्या. भाऊंनी ते कलम संपवले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"तिसऱ्या तासाला गार," ते म्हणाले. "मग चौथ्या?"

"उठले असतील. मी तिथे नव्हते. पाचव्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिले."

"सहाही?"

"सहाही."

टेबलावरचे ऊन सरकत त्यांच्या मनगटापर्यंत आले. मला वाटले आता व्हरांडा दिसेल, पण दिसला नाही. मी इथेच होते.

"पस्तीस वर्षं, ताई. तुम्ही मला चहा विचारलात."

"हो."

"मी तो प्यायलो."

मग वकीलबाईंकडे वळून त्यांनी विचारले, "मी सही नाही केली तर चालेल?" त्या म्हणाल्या, चालेल, दुसरा साक्षीदार शोधू. मी हे लिहीत असताना ते माझ्या हाताकडे बघत आहेत. मी आता त्यांच्यासमोर सही करते आणि कागद त्यांच्यापुढे सरकवते. ते सही करतील की नाही, मला माहीत नाही.

येणेप्रमाणे मृत्युपत्र मी स्वतः वाचून, समजून, उपस्थितांच्या डोळ्यांदेखत सही केले असे.

लिहून ठेवणार: (सही)

ठिकाण: पाचोळाभाऊंच्या घरची पुढची खोली
तारीख: सतरा मार्च, बुधवार, दुपारचे पावणेचार

साक्षीदार पहिली: (सही) शिंपीणबाई, शेजारीण. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: (सही) पाचोळा. ताईंनी माझ्यासमोर, शुद्धीत सही केली, म्हणून मी केली. वकीलबाई म्हणतात इथे जास्त काही लिहायचं नसतं, पण लिहितो. मी माफ केलं असं कोणी समजू नये. ही उद्या सकाळी दहाच्या गाडीने परत येते. चमचा तिच्या हातात होता. ताई, तुम्ही या आणि तुमच्या तोंडाने तिला सांगा. दार मी उघडेन.